अनुभव धागा : फीडमुळे सापडलेले जगावेगळे ब्लॉग

वणीकर :
फीड म्हणजे ब्लॉगवर नवं काही आलं की ते आपोआप आपल्यापर्यंत आणून देणारी सोय. काल जुन्या पेनड्राइव्हमध्ये ओपीएमएलची फाईल, म्हणजे जोडलेल्या फीडांची यादी, सापडली. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर, म्हणजे फीड वाचायची गूगलची सेवा, बंद झालं, त्याच्या आधी उतरवून ठेवलेली माझी यादी. कापूस वेचणीचा हिशोब बाजूला ठेवून एकेक पत्ता उघडत बसलो. बरेच बंद पडलेत. पण 'स्ट्रेंज मॅप्स' दिसलं अन् जीव हरखला! २००६ साली सुरू झालेला, नुसत्या अजब नकाशांचा ब्लॉग. आमच्या घरात तोवर नकाशा म्हणजे सातबाऱ्यासोबतचा गटाचा. हा ब्लॉग मला कोणी सुचवला नव्हता. कोणाच्या तरी ब्लॉगच्या कडेला 'मी वाचतो ते' अशी यादी असायची. तिथून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. आवडला की फीड जोडून टाकायचं. तुम्हाला काय काय गवसलं?

धुऱ्यावरचा :
फीडचं ते नारिंगी चौकोनी चिन्ह दिसलं का मी जोडलंच समजा. आमच्याकडे फोटो उघडता उघडत नव्हते, पण फीडमधी मजकूर झटकन उतरे. रातच्या ओलिताले जायच्या आधी भरून घ्यायचं, मोटर चालू केली का धुऱ्यावर बसून वाचायचं. एक बावा फक्त दिव्यावर येणाऱ्या पतंगांवर लिहे. पंखावरची नक्षी, मिशा, बसायची तऱ्हा, सारं. २०१७ ले गुलाबी बोंडअळी आली तवा कामगंध सापळ्यातला तिचा पतंग मी लगेच ओळखला, तो त्याच्यामुळंच.

आरमोरीची ताई :
एक्सकेसीडी, ती काडीच्या माणसांची इंग्रजी व्यंगचित्रं! सोमवार, बुधवार, शुक्रवार. अर्धं कळायचं नाही, मग भाऊ आणि मी अर्थ शोधत बसायचो. त्यातूनच गणित आवडायला लागलं मला.
@वणीकर दादा, तिकडे वेचणीचा भाव काय चालू आहे?

वणीकर :
ताई, मजूरच मिळेना, भावाचं काय घेऊन बसलीस. निरोप टाकतो.

मास्तर_मेहकर :
आरएसएस १.०, म्हणजे फीड लिहायचा एक साचा, ज्यांनी घडवलं त्यांच्यात आरोन स्वार्ट्झ हा अमेरिकन पोरगा होता, २००० साली, वय वर्षं १४. नववीच्या पोरांना दरवर्षी सांगतो. सारे ताठ बसतात. फीडमध्ये आपण निवडलेलंच येतं, ज्या क्रमानं लिहिलं त्याच क्रमानं. मधे कोणी ढवळाढवळ करत नाही. मला त्याचं फार मोल वाटतं.

नवीनच :
आता कसं करायचं पण? मोबाईलवर होते का?

आरमोरीची ताई :
हो रे. फीडली नाहीतर इनोरीडर घे, ब्लॉगचा पत्ता टाक, फीड तेच शोधून देतं. वर्डप्रेसचा असला तर पत्त्यापुढे स्लॅश देऊन इंग्रजीत 'feed' लिही. पोळ्या टाकते, मग सांगते अजून.

नवीनच :
जमलं ताई! पतंगवाल्याचा पत्ता द्या ना भाऊ. अन् ते सापळे कुठं भेटतात?

धुऱ्यावरचा :
पत्ता शोधून टाकतो. सापळे कृषी केंद्रात भेटतात. ल्यूर, म्हणजे सापळ्यात ठेवायची वासाची गोळी, गुलाबीचीच माग, अमेरिकन बोंडअळीची वेगळी असते. हेक्टरी ५ लाव.