पेडेस्टल क्रेटर: जोतं, पीठिका की आणखी काही?

अनुवादिनी: मंगळावरच्या 'पेडेस्टल क्रेटर'ला प्रतिशब्द हवा आहे. भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच चौथऱ्यावर बसलेलं विवर. अनुवादात 'जोत्यावरचं विवर' होतं, संपादनात त्याचं 'पीठिका-उल्काविवर' झालं. जोतं चुकलं का?

भूस्तर: जोतं लगेच डोळ्यांपुढे येतं, पण ते भराव घालून उचलतात. इथे उलट घडलं. बर्फमिश्रित थरावर आघात झाला, विवराभोवतीच्या पृष्ठभागाला घट्ट कवच आलं. पलीकडच्या उघड्या बर्फाची हळूहळू थेट वाफ होऊन जमीन खाली गेली आणि कवचाखालचा तुकडा तेवढा उंच राहिला. मरिनर ९ यानाने ही विवरं दाखवली तेव्हा वाऱ्याने माती उडवून नेली असं मानत. कारण बदललं, आकार तोच. म्हणून जोतं ठेवा.

अमरकोशी: माझी हरकत 'उल्का'ला आहे. उल्का म्हणजे वातावरणात पेटलेली रेघ. जमिनीवर पोचतो तो अशनी. चंद्रावर वातावरणच नाही, तिथे उल्काविवर कसलं? 'आघातविवर' लिहा. आणि 'विवर' म्हणजे मुळात फट, बीळ, गुहा. साध्या आघातविवराची खोली व्यासाच्या साधारण पाचवा हिस्सा असते. तो द्रोण झाला. ग्रीक 'क्रेटर' तरी काय, मद्यात पाणी मिसळायचं भांडंच.

रोहिणी: कृष्णविवरापासून सगळीकडे 'विवर' रुळलंय. व्युत्पत्तीसाठी वाचकाला परत शाळेत बसवू नका.

भूस्तर: 'आघात' हाही आधीच दिलेला निकाल आहे. मंगळावरचं ऑर्कस पॅटेरा हे लांबट खोलगट भूरूप ३८० किमी लांब, १४० किमी रुंद. खड्डा पाडते ती धक्कालहर, ती चहूकडे पसरते, म्हणून तिरप्या माऱ्यानेही विवर गोलच होतं. मारा क्षितिजापासून १५ अंशांच्या आत असेल तरच ते लांबट होतं. ऑर्कस तसं झालं, की गोल विवर नंतर मंगळाच्या भूकवचाच्या हालचालीने दाबलं गेलं, की शेजारची विवरं झिजून एक झाली? यावर एकमत नाही. 'पॅटेरा' म्हणजे ताटली. नाव फक्त आकार सांगतं, हेच मला पटतं.

अनुवादिनी: मग शनीच्या हायपेरियन या चंद्रावर 'आघाताने खणलेला खड्डा' लिहावं का?

भूस्तर: 'खणलेला' नको. त्याची घनता पाण्याच्या निम्म्याहून किंचितच जास्त, ४० टक्क्यांहून अधिक भाग पोकळ. धोंडा आदळला की माल फेकला जाण्याऐवजी बराचसा आतच दबतो. जो उडतो त्यातला पुष्कळसा क्षीण गुरुत्वामुळे परत येत नाही. त्यामुळे शेजारचे खड्डे बुजत नाहीत, कडा धारदार राहतात, सगळा स्पंज दिसतो. 'दबून झालेला खळगा' लिहा.

रोहिणी: शंभर किलोमीटरच्या विवराला 'खळगा' म्हटलंत तर वाचक हातभराचा समजेल.

अमरकोशी: आकडा शेजारी लिहा, शब्दावर ओझं टाकू नका. 'रॅम्पार्ट क्रेटर'ला काय घेणार आहात? तटविवर?

भूस्तर: तट नको. वाचक तो विवराच्या काठावर शोधेल. तिथे उडालेला मलबा चिखलासारखा वाहत पाकळ्यांत पसरतो आणि थांबतो तिथे, विवरापासून दूर, उंचवटा उभा राहतो. 'बांध' घ्या.

अमरकोशी: बांध काहीतरी अडवतो. इथे मलबा स्वतःच थांबलाय. पाकळीच्या कडेला 'पाळ' म्हणा.

रोहिणी: पाळ तळ्याची असते. बांधच.