पोलिसांवर हल्ला झाल्यानंतरचा पंधरवडा : गावाने काय करावे आणि पोलिसांनी काय टाळावे?

ग्रामपंचायत सदस्या, राजापूर तालुका

आपल्या किनाऱ्यावर पोलिसांवर हात उगारला जाण्याची निमित्ते वेगवेगळी असतात. खाडीतला बेकायदा वाळू उपसा थांबवताना, शिमग्यात पालखीच्या मानावरून दोन वाड्या समोरासमोर आल्यावर, एलईडी मासेमारीवरून समुद्रात पेटलेला वाद जेटीवर पोहोचल्यावर किंवा एखाद्या प्रकल्पाच्या विरोधातल्या मोर्चात दगड सुटतो, आणि तो बहुधा अशा शिपायाला लागतो ज्याचा मूळ वादाशी काडीचा संबंध नसतो. निमित्त कोणतेही असले तरी त्यानंतरच्या पंधरवड्यात गावात जे घडते ते जवळपास सारखेच असते, आणि मला चर्चा हवी आहे ती त्या पंधरवड्याबद्दल.

गुन्हा नोंदवला जातो, त्यात आठ-दहा नावे असतात आणि पुढे ‘इतर दोनशे ते अडीचशे अनोळखी इसम’ असे लिहिलेले असते. त्या एका ओळीमुळे गावातला प्रत्येक पुरुष संभाव्य आरोपी होतो. तरुण मुंबईला नातेवाइकांकडे निघून जातात, होड्या बांधलेल्या राहतात, रात्री दार वाजले की बायका पुढे होतात, आणि दगड मारणारा हात ज्याने स्वतः पाहिला आहे तोही गप्प बसतो, कारण आपण तिथे होतो एवढे कबूल करणे म्हणजे स्वतःचेच नाव त्या अडीचशेंत घालून घेणे असते. काही वर्षांनी खटला उभा राहतो तेव्हा पंच फितूर झालेले असतात, साक्षीदारांना काही आठवत नसते आणि सगळे निर्दोष सुटतात. ज्याचे डोके फुटले त्या शिपायाला न्याय मिळत नाही आणि गावाच्या लक्षात फक्त धरपकड राहते.

१८ एप्रिल २०११ रोजी जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या विरोधातल्या आंदोलनात जमावाने नाटे पोलीस ठाण्यावर हल्ला केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि साखरीनाट्याचा एक तरुण मच्छीमार मृत्युमुखी पडला. ठाण्यात जखमी झालेला पोलीस आणि गोळीने मेलेला मच्छीमार या दोघांबद्दल एकाच वाक्यात दुःख व्यक्त करता येईल अशी जागा आपल्या सार्वजनिक बोलण्यात त्यानंतर उरली नाही, याची मला आजही खंत वाटते.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे. हल्ला झाल्यावर पहिल्या दोन-चार दिवसांतच गावकीची, म्हणजे गावाचे निर्णय घेणाऱ्या पारंपरिक मंडळाची, बैठक व्हावी, गावाने हल्ल्याचा निःसंदिग्ध निषेध करावा, आणि ज्यांनी प्रत्यक्ष मारहाण केली त्यांना गावाने स्वतः ठाण्यात हजर करावे. त्याच वेळी पोलिसांनी अनोळखी जमावाची यादी उघडी ठेवून गावावर टांगती तलवार ठेवू नये, तर कोण हवे आहेत ते प्रभारी अधिकाऱ्याने बैठकीत येऊन सांगावे. यातले एक झाले आणि दुसरे झाले नाही, तर काहीही साधणार नाही असे माझे ठाम मत आहे.

निवृत्त पोलीस उपनिरीक्षक, चिपळूण

ताई, आपली तळमळ खरी आहे, पण प्रस्तावाच्या दोन्ही भागांना माझा विरोध आहे आणि तो मी कारणांसह मांडतो.

पहिली गोष्ट म्हणजे नागरिकाचे कर्तव्य सशर्त नसते. शांतताभंग रोखण्यासाठी पोलिसाने वाजवी मदत मागितली तर ती देणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि कलम ३३ नुसार ठरावीक गंभीर गुन्ह्यांची खबर देणेही बंधनकारक आहे. ‘तुम्ही यादी बंद करा, मग आम्ही आरोपी देतो’ ही भाषा तडजोडीची आहे आणि फुटलेल्या डोक्यावर तडजोड होऊ शकत नाही.

दुसरे, ‘अनोळखी’ हा शब्द आकसाने लिहिला जात नाही. आपल्याकडच्या दूरक्षेत्रात, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतल्या छोट्या चौकीत, दोन-तीन माणसे असतात, जिल्ह्याच्या मुख्यालयातून दंगल नियंत्रण पथक यायला घाटवळणांच्या रस्त्याने किती वेळ लागतो हे आपल्यालाही ठाऊक आहे. अंधारात, जमावात, रक्ताने डोळे भरलेले असताना बीट अंमलदाराला जेवढे चेहरे ओळखता आले तेवढी नावे तो सांगतो. उरलेल्यांचा उल्लेखच केला नाही, तर पुढे तपासात निष्पन्न झालेले नाव नंतर घुसडलेले आहे असे बचावाचा वकील पहिल्याच उलटतपासणीत म्हणतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गावकी आरोपी हजर करणार म्हणजे नेमके कोणाला? आपल्या कोकणात, विशेषतः रायगडात, गावकीने कुटुंबांना वाळीत टाकण्याची प्रकरणे इतकी झाली की त्यासाठी राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा करावा लागला. तीच गावकी जेव्हा ‘हेच ते’ म्हणून चार मुले पुढे करील तेव्हा त्यांत मानकऱ्याचा मुलगा नसेल, तर ज्याच्या मागे कोणी नाही तो असेल. मी असे हजर केलेले आरोपी पाहिले आहेत आणि त्यांच्याकडे बघूनच कळायचे की दगड मारणारा हात हा नाही.

आणि प्रत्येक हल्ल्यामागे पोलिसांबद्दलचा जुना राग आणि संवादाचा अभाव असतो असे म्हटले जाते, तेही मला मान्य नाही. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांना ठार मारले आणि त्यांना वाचवायला गेलेल्या पोलिसांवरही हल्ला केला. तिथे कोणत्या संवादाचा अभाव होता?

मुंबईस्थित चाकरमानी, मूळ गाव गुहागर

एवढी चर्चा करण्याची वेळ येते कारण शिक्षेचा धाक उरलेला नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत खार येथे कर्तव्य बजावताना वाहतूक पोलीस विलास शिंदे यांच्या डोक्यात प्रहार झाला आणि उपचारादरम्यान त्यांचा मृत्यू झाला. गणेशोत्सवात आम्ही महामार्गावरून गावी येतो तेव्हा पावसात उभा असलेला प्रत्येक पोलीस पाहून मला ती घटना आठवते. किमान शिक्षा इतकी कडक असावी की हात उचलण्याआधीच माणूस थबकेल.

वकील, रत्नागिरी

शिक्षा वाढवण्याचा प्रयोग आपल्या राज्याने करून पाहिला आहे. जुन्या भारतीय दंड संहितेतील सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ल्याच्या कलम ३५३ ची कमाल शिक्षा महाराष्ट्राने २०१८ मध्ये दोन वर्षांवरून पाच वर्षे केली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्या कलम १३२ मध्ये कमाल शिक्षा पुन्हा दोन वर्षे आहे, मात्र दुखापत झाली असेल तर कलम १२१ नुसार पाच आणि गंभीर दुखापतीसाठी दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. कायद्यात शिक्षा नाही असे म्हणता येणार नाही. अडचण गुन्हा सिद्ध होण्याची आहे.

बेकायदा जमावाच्या समान उद्देशासाठी प्रत्येक सदस्य जबाबदार ठरतो हे खरे, परंतु जमाव मोठा असेल तर एकट्यादुकट्याच्या साक्षीवर विसंबू नये, दोन-तीन किंवा अधिक साक्षीदारांनी आरोपीचा सहभाग सुसंगतपणे सांगितलेला असावा, असा सावधगिरीचा नियम सर्वोच्च न्यायालयाने मसालती खटल्यात १९६४ मध्येच घालून दिला आहे. हे साक्षीदार फक्त पोलीसच असतील तर बचाव पक्ष त्यांना हितसंबंधी ठरवतो, म्हणून गावातला स्वतंत्र साक्षीदार लागतो. आणि तो अडीचशे अनोळखींच्या भीतीने घरात बसलेला असतो. म्हणजे उपनिरीक्षक साहेबांना गुन्ह्यात जी ओळ आवश्यक वाटते, तीच त्यांच्या खटल्याचा पाया पोखरते.

गावकीबद्दल त्यांनी जे लिहिले आहे त्याच्याशी मात्र मी पूर्ण सहमत आहे. आरोपी निवडणे हे गावकीचे काम नाही आणि होऊही नये.

मच्छीमार सोसायटीचे संचालक, श्रीवर्धन

समुद्राकडे बघणारा माणूस म्हणून माझे म्हणणे वेगळे आहे. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर एक बेवारस बोट लागली आणि तिच्यात तीन एके-४७ रायफली निघाल्या. ती बोट ओमानजवळ संकटात सापडून सोडून दिलेली होती हे नंतर कळले, परंतु त्या सकाळी कोणालाच काही माहीत नसताना पोलिसांना खबर कोणी दिली? किनाऱ्यावरच्या लोकांनी. किनाऱ्यावर नजर ठेवणाऱ्या स्वयंसेवकांच्या सागर सुरक्षा दलात आमचीच मुले असतात आणि अनोळखी बोट दिसली की पहिला फोन तीच करतात. पोलिसांना आम्ही डोळे म्हणून हवे असतो, पण जेटीवर भांडण झाले की त्याच मुलांचे फोटो ठाण्यात लागतात.

याच तालुक्यात १९९३ मध्ये दिघी आणि शेखाडी येथे मुंबईतल्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके उतरली. लाच घेऊन ती पुढे जाऊ दिल्याबद्दल कस्टमचे अधिकारी आणि पोलीसही विशेष न्यायालयात दोषी ठरले. म्हणून आम्ही संपूर्ण पोलीस खात्याला गद्दार म्हटले का? म्हटले नाही, आणि म्हणूही नये, कारण गुन्हा ज्याने केला त्याचा असतो. एवढाच न्याय कोळीवाड्यालाही लागू करावा, एवढेच आमचे मागणे आहे.

राजापूर तालुक्यातल्या बारसू येथील तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वेळी, एप्रिल २०२३ मध्ये, माती परीक्षणाला विरोध करणाऱ्यांवर अश्रुधूर सोडला गेला. विरोध बरोबर की चूक हा वेगळा विषय आहे, पण पोलीस म्हणजे प्रकल्पाचे पोलीस अशी समजूत एकदा झाली की पुढच्या वेळी बोट दिसल्यावर फोन करणारा हात आखडतो. किनाऱ्याची सुरक्षितता त्या फोनवर उभी आहे.

निवृत्त पोलीस उपनिरीक्षक, चिपळूण

संचालकांचा १९९३ चा दाखला मला बोचला, आणि तो योग्यही आहे. पण बंदोबस्तावर पाठवलेला शिपाई प्रकल्प मंजूर करत नाही आणि रद्दही करू शकत नाही. ज्यांनी निर्णय घेतला ते मंत्रालयात असतात आणि मार खायला तो असतो. गावाने पोलिसाविषयीचा राग आणि सरकारविषयीचा राग यांत फरक करायला शिकले पाहिजे.

यावर पोलीस आणि नागरिकांच्या समित्या नेमा असे कोणी सुचवील, पण समित्यांवर माझा भरवसा नाही, याचेही कारण सांगतो. भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या, बीटवरच्या शिपायाला त्यांच्या केंद्रस्थानी ठेवले आणि १९८४ च्या दंगलीत होरपळलेले ते शहर १९९२-९३ ला शांत राहिले. मात्र त्याच भिवंडीत जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव उसळला, गोळीबारात दोन जण मेले आणि त्या रात्री जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारले. म्हणजे समिती किती काळ वाचवते?

ग्रामपंचायत सदस्या, राजापूर तालुका

साहेब, भिवंडीच्या आपल्या उदाहरणातून मी उलटा निष्कर्ष काढते. खोपडे यांची पद्धत ज्या काळात जिवंत होती त्या काळात तिने काम केले. अधिकाऱ्याची बदली झाली की समितीची बैठक फक्त गणपती आणि ईदच्या आधी चहापुरती उरते, हा अनुभव आपल्या प्रत्येक तालुक्यात आहे. दोष पद्धतीचा नसून ती एका माणसावर सोडून देण्याचा आहे.

गावकीने आरोपी हजर करण्याचा आग्रह मी सोडते, कारण वाळीत टाकलेल्या घराचा मुद्दा निर्णायक आहे. परंतु निषेध करणे आणि साक्षीदाराच्या पाठीशी उभे राहणे ही जबाबदारी गावाची राहतेच. ‘या माणसाने साक्ष दिली म्हणून त्याचे पाणी, होडी किंवा देवळातला मान कोणी अडवणार नाही’ असे गावाने बैठकीत जाहीर केले, तर पोलीस संरक्षणापेक्षा ते जास्त उपयोगाचे आहे. गडचिंचल्यासारख्या प्रसंगातही अफवा पसरत असतानाच पोलीस पाटलाचा शब्द मानणारी दहा माणसे वाडीत तयार असणे, हाच त्यावरचा उपाय मला दिसतो.

प्रश्न पोलिसांच्या बाजूचा आहे. साक्षीदाराने ठाण्याची पायरी चढली की संध्याकाळपर्यंत गावभर होते. त्यावर काय करणार?

वकील, रत्नागिरी

त्यावर कायद्यात उत्तर आहे आणि ते फारसे वापरले जात नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुले आणि साठ वर्षांवरील व्यक्ती यांना जबाबासाठी राहत्या घराबाहेर बोलावताच येत नाही. मासळीच्या लिलावाच्या वेळी जेटीवर बहुसंख्य स्त्रियाच असतात, म्हणजे ज्यांनी सर्वांत जास्त पाहिले त्यांच्याकडे तपासी अंमलदारानेच गेले पाहिजे. महत्त्वाच्या साक्षीदाराचा जबाब कलम १८३ खाली दंडाधिकाऱ्यासमोर लवकर नोंदवला, तर पुढे दबावाखाली फितूर होणे कठीण जाते. साक्षीदार संरक्षणाचा राज्याचा २०१७ चा कायदाही आहे.

यादी बंद झाल्याचे पत्र मात्र कोणताही अधिकारी देणार नाही, कारण दोषारोपपत्रानंतरही पुढील तपासाचा मार्ग कायद्याने खुला ठेवला आहे. तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवावी असे कलम १९३ सांगते, पण अशा गुन्ह्यात फिर्यादी बहुतेक वेळा पोलीसच असतो, त्यामुळे गावाला काहीच कळत नाही. निदान तेवढी माहिती प्रभारी अधिकाऱ्याने शांतता समितीत तोंडी द्यावी, असा आग्रह धरता येईल.

निवृत्त पोलीस उपनिरीक्षक, चिपळूण

घरी जाऊन जबाब आणि दंडाधिकाऱ्यासमोर नोंद या दोन्ही गोष्टींना माझा पाठिंबा आहे, आणि माझ्या हाताखाली तयार झालेल्या अंमलदारांना मी त्या सांगेन. शांतता समितीत नव्वद दिवसांनी माहिती देण्यालाही हरकत नाही, फक्त फरारींची नावे तिथे घेऊ नयेत. गुन्ह्यातला अनोळखींचा उल्लेख काढावा हे मात्र मला मान्य नाही. त्या आकड्याच्या जोरावर निरपराधांच्या घरी रात्री जाऊ नये, असा लेखी आदेश पोलीस अधीक्षकांनी काढावा ही मागणी आपण गावातर्फे करत असाल, तर त्या निवेदनावर माझी सही घ्या.