बिदरीचा काळा रंग

बिदरी फुलदाणीचा काळा रंग उडेल का, असं तुम्ही विचारलंय. अस्सल बिदरीवर, म्हणजे बीदरच्या या चांदीजडित भांड्यांवर, वरून रंग दिलेला नसतोच. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात, कोरलेल्या नक्षीत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती नवसागराच्या पाण्यात कालवून गरम भांड्यावर चोळतात. जस्त काळंभोर होतं, चांदी तशीच लखलखीत राहते! ही किमया बघावी तेवढी थोडी. किंमत आहे ती कोरणाऱ्या हातांची, आणि माझ्या मते ती घासाघीस न करता द्यावी. चिंच किंवा पितळेचं पॉलिश मात्र लावू नका. मऊ कापडाने थोडं खोबरेल तेल फिरवलं की पुरे.