ऑनलाइन तासाला ‘समजलं का?’ विचारलं की सगळे ‘येस सर’. कोणतं ॲप वापरू?

प्रश्नकर्ता: माध्यमिकला विज्ञान शिकवतो. काही तास वर्गात, काही ऑनलाइन. वर्गात निदान चेहरे दिसतात, ऑनलाइन सगळ्यांचे कॅमेरे बंद. पीपीटी सुधारली, ॲनिमेशन घातलं, व्हिडिओ पाठवले. विचारलं की चॅटमध्ये ‘येस सर’ची रांग लागते आणि चाचणीत तेच जुने गैरसमज. दोन्हीकडे चालेल असं एखादं साधन सुचवा.

विज्ञानशिक्षिका: सर, ॲप नंतर बघू, आधी प्रश्न बदला. ‘समजलं का?’ याला मुलं ‘हो’शिवाय काय म्हणणार? डोक्यात काय चाललंय ते बाहेर यायला हवं, आणि ते आपण पुढे सरकायच्या आत. तंत्रज्ञानाचा खरा उपयोग मला इथे दिसतो.

माझा हुकमी प्रश्न सांगते. बॅटरीला दोन सारखे बल्ब एकसरीत, म्हणजे एकाच वाटेवर एकामागोमाग एक, जोडलेत. जास्त प्रकाश कोणता देईल? पहिला, दुसरा, की दोन्ही सारखेच? ‘पहिला’ म्हणणारी मुलं दर वर्षी निघतात, कारण त्यांच्या मते पहिला बल्ब विद्युतधारा ‘खाऊन टाकतो’. चुकीचे पर्याय असेच मुलांच्या तोंडचे घ्या, मनाने रचलेले नकोत.

पोल लावायचा, पण निकाल लपवून ठेवायचा. दिसला की सगळी मतं गर्दीमागे जातात. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मधे असली तर स्वतः काही न सांगता मुलांना आपसात वाद घालू द्यायचा, ऑनलाइन असेल तर ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे छोट्या गटांच्या वेगळ्या खोल्यांमध्ये. मग पुन्हा मत. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत रुजवली. एका मुलाची अडचण नुकतंच समजलेल्या दुसऱ्या मुलाला आपल्यापेक्षा लवकर कळते, हे मी वर्गात सतत बघते.

उत्तर शेवटी फेटच्या (PhET, विज्ञानाचे आभासी प्रयोग देणारी वेबसाइट) सिम्युलेशनमध्ये दाखवते. ते फुकट आहे, ब्राउझरवर चालतं. धारा मोजणारं अमीटर पहिल्या बल्बच्या आधी लावा, मग दोन बल्बच्या मधे, मग शेवटी. आकडा तिन्ही ठिकाणी तोच. ‘पहिला’ म्हणणाऱ्यांनाच जोडायला सांगा.

वर्गात मुलांकडे मोबाइल नसतील तर प्लिकर्स बघा. मुलांच्या हातात छापलेलं कार्ड, ते ज्या बाजूने धरतील तो त्यांचा पर्याय. तुम्ही फोनच्या कॅमेऱ्याने वर्गावरून नजर फिरवलीत की झालं.

ई-कंटेंटवाला: मॅडमशी सहमत. व्हिडिओंबद्दल थोडी भर: एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरच्या कोर्सेसवर २०१४ मध्ये झालेल्या अभ्यासात व्हिडिओ कितीही लांब असला तरी प्रेक्षक साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकतात असं दिसलं होतं. तेव्हा तुकडे करा आणि एचफाइव्हपी (H5P) या व्हिडिओत प्रश्न घालायच्या साधनाने मधेच प्रश्न पेरा. नेट कमकुवत असेल तर स्थिर चित्र आणि स्पष्ट आवाज पुरतो.

प्रश्नकर्ता: मॅडम, पुढचा धडा आरशांचा आहे. हा प्रश्न चालेल का: ‘भिंतीवरच्या सपाट आरशात कमरेपर्यंतच दिसतंय. मागे सरकलं तर पाय दिसतील का?’

विज्ञानशिक्षिका: उत्तम प्रश्न! बहुतेक जण ‘हो’ म्हणतील, मोठी माणसंसुद्धा. ‘हो’, ‘नाही, तितकंच दिसेल’ आणि ‘जवळ गेलं तर दिसतील’ असे तीन पर्याय ठेवा. ऑनलाइन तासाला तर तो जास्तच रंगेल, कारण मुलांना घरच्या आरशासमोर लगेच पडताळून बघता येईल. फक्त आरसा भिंतीला सरळ टेकलेला हवा, तिरका नको. आणि दोन्ही वेळची मतं नोंदवून झाल्याशिवाय कुणाला उठू देऊ नका. मग किरणाकृती मुलांनाच काढायला सांगा, डोळा आणि पाय जोडून.