ठिबक जोडसाहित्याच्या पॅकिंगसाठी हंगामाप्रमाणे बदलता येतील अशी टेबले आणि रॅक कशी करून घ्यावीत?

प्रश्न – केळीपट्टा, जळगाव

सर्वांना नमस्कार. जळगाव एमआयडीसीत आमचा ठिबक सिंचनाच्या जोडसाहित्याचा छोटा कारखाना आहे. जॉइनर, टेक-ऑफ (मोठ्या नळीतून बारीक नळी काढणारा जोड), ग्रोमेट (त्या जोडाभोवतीची रबरी कडी), एंड कॅप, टी, एल्बो असा माल मोल्डिंगमधून येतो, निवडला जातो आणि शेतकऱ्याच्या क्षेत्राप्रमाणे त्याचे संच बांधून पिशव्यांत भरले जातात. मशिनांवर आम्ही वेळोवेळी पैसा घातला, पण त्यापुढच्या पॅकिंगकडे कधी नीट पाहिलेच नाही, हे आता जाणवते आहे.

मे-जूनमध्ये बागायती कापसाची आणि त्याला लागूनच केळीच्या मृगबागेची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या लागवडीची) मागणी येते, तेव्हा मशीन पुढे आणि पॅकिंग मागे अशी स्थिती होते. पावसाळा संपला की तेच लोक स्प्रिंकलर आणि फिल्टरच्या जुळणीकडे वळतात. आमची टेबले मात्र जमिनीत बोल्टने बसवलेली आणि वेल्डिंग केलेली असल्यामुळे त्या कामाला ती उपयोगी पडत नाहीत व अर्धी जुळणी जमिनीवर बसून होते. दोन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून तयार रॅक घेतले. त्यांची खोली ६०० मिलिमीटर आणि आमचे क्रेट ४०० मिलिमीटर लांब, त्यामुळे मागच्या २०० मिलिमीटरमध्ये कुठला माल किती काळ पडून आहे हे कुणालाच सांगता येत नाही. १२ आणि १६ मिलिमीटरचे जॉइनर एकमेकांत मिसळतात. ती चूक आम्हाला कळत नाही, चोपडा-यावलकडच्या शेतकऱ्याला शेतात नळी अंथरल्यावर कळते, आणि ऐन लागवडीच्या दिवसांत त्याला परत दुकान गाठावे लागते. याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते.

अॅल्युमिनियम प्रोफाइलची (खाचा असलेल्या तयार पट्ट्यांची) सुटी-जोडती टेबले घ्यावीत, की इथल्याच फॅब्रिकेटरकडून लोखंडी करून घ्यावीत? ड्रॉवर असावेत की उघडे बिन (माल समोर दिसेल असे डबे)? मापे कशी ठरवावीत?

प्रतिसाद – तापीकाठ, भुसावळ

भाऊ, साहित्य कोणते घ्यायचे हा प्रश्न आपण आधी विचारला आहे, पण तो शेवटी यायला हवा. कोटेशन मागवण्यापूर्वी तीन-चार दिवस एका कामगाराच्या शेजारी वही घेऊन उभे राहावे आणि एक संच बांधताना हात किती वेळा कुठे जातो, माणूस किती वेळा जागेवरून उठतो, कशासाठी उठतो, हे लिहून काढावे. ग्रोमेटचा क्रेट टेबलापासून १२ मीटरवर आहे आणि दिवसात ४० फेऱ्या होतात असे धरले, तर एकटी व्यक्ती त्या एका वस्तूसाठी ९६० मीटर चालते. सेकंदाला एक मीटर हा चालण्याचा वेग धरला तरी त्यात १६ मिनिटे जातात, आणि वाटेत थांबणे, शोधणे वेगळेच. ही नोंद हाती आली की अर्धा आराखडा आपोआप तयार होतो: जी वस्तू प्रत्येक संचात लागते ती कोपर न उचलता हाताला यावी, जी तासाला एकदा लागते ती हात लांब केल्यावर मिळावी, आणि जी दिवसातून एकदाच लागते तिने टेबलावरची जागा अडवू नये.

आता साहित्याबद्दल. पोलादाच्या तुलनेत अॅल्युमिनियमचे वजन सुमारे एक तृतीयांश असते, पण त्याची ताठरताही साधारण तेवढीच कमी असते. पॅकिंगचे टेबल, वरची बिनची पट्टी, ट्यूबलाइटचा खांब यांसाठी खाचेचे प्रोफाइल उत्तम, कारण हंगाम बदलला की अॅलन चावीने पट्टी खाली-वर करता येते. फिल्टरच्या जुळणीसाठी हातप्रेस किंवा व्हाइस (वस्तू घट्ट पकडणारा शिकंजा) वापरत असाल, तर ते टेबल मात्र वेल्डिंग केलेले लोखंडीच असू द्यावे, नाहीतर प्रत्येक दाबाला ते हलेल आणि काही महिन्यांत सांधे ढिले होतील. हलके रॅक आणि ट्रॉल्या २८ मिलिमीटरच्या लीन पाइपच्याही (क्लॅम्पने जोडायच्या हलक्या पाइपच्याही) करता येतात. त्याचे सांधे आपल्याच माणसांना बसवता येतात, ही त्यातली मोठी सोय आहे.

रॅकच्या खणावर लिहिलेले वजन हे बहुधा खणभर सारखे पसरलेले वजन असते. फिल्टरच्या धातूच्या सुट्या भागांचा एकच भरलेला क्रेट मधोमध ठेवला तर तेवढाच भार पट्टीला वाकवू शकतो, हे विक्रेत्याला आधी विचारून घ्यावे.

ड्रॉवर फक्त हत्यारांसाठी ठेवावेत, आणि एका वेळी एकच ड्रॉवर उघडेल अशी कुलुपाची रचना मागावी, कारण दोन भरलेले ड्रॉवर एकदम बाहेर आले तर कपाट पुढे कलंडते. मालासाठी उघडे बिनच चांगले. बंद ड्रॉवरमधला माल संपला हे तो संपल्यावरच कळते.

प्रतिसाद – पांझरा, धुळे

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. मी अवधानच्या एका कारखान्यात जुळणी विभाग सांभाळते, म्हणून उंचीबद्दल थोडे लिहिते. आमच्याकडे सर्व टेबले एकाच उंचीची होती आणि ती उंची कुणी, कशावरून ठरवली हे कुणालाच माहीत नव्हते. एक मावशी रोज दुपारनंतर म्हणायच्या, “कंबर दुखस हो ताई.” आम्ही बरेच दिवस ते वयाचे दुखणे समजलो, याची आज खंत वाटते.

उभ्याने काम करताना कोपराची उंची मोजावी. हलक्या हातकामासाठी टेबलाचा माथा कोपरापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर खाली असावा, जोर लावायच्या कामासाठी १५ ते ४० सेंटिमीटर खाली, आणि बारीक नजरेच्या कामासाठी कोपरापेक्षा ५ ते १० सेंटिमीटर वर. दोन पाळ्यांत एकच टेबल दोघी वापरणार असतील तर एका पाइपमध्ये दुसरा पाइप सरकणारे, भोके आणि पिन असलेले पाय पुरतात. मोटरची टेबले घेण्याची गरज नाही. बसण्यासाठी उंच स्टूल द्या, आणि स्टूलला पाय टेकवण्याची दांडी हवीच.

मिसळण्याच्या चुकीत प्रकाशाचाही वाटा असतो. काळ्या प्लॅस्टिकचे १२ आणि १६ मिलिमीटरचे जॉइनर मागून येणाऱ्या उजेडात, स्वतःच्याच सावलीत निवडायला लावले तर चूक होणारच. दिवा टेबलाच्या वर, समोरच्या बाजूने लावा. तपासणीच्या जागी ५०० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) आसपास उजेड मिळायला हवा. दोन्ही मापांचे बिन शेजारी-शेजारी कधीही ठेवू नका, आणि त्यांचे रंगही वेगळे ठेवा. संच पूर्ण झाल्यावर वजनकाट्यावर ठेवण्याची जागा टेबलातच करून घेतली, तर एखादा नग राहिला किंवा चुकीचा गेला हे बहुतेक वेळा तिथेच लक्षात येते.

आणखी एक. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत तापलेली असते. त्या भिंतीला लागून ना माणसे बसवा, ना रबरी ग्रोमेटचा साठा ठेवा. टेबले चाकांवर असतील तर उन्हाळ्यात ती भिंतीपासून दूर आणता येतात. फक्त चाकांना ब्रेक असू द्या.

केळीपट्टा

दोघांचेही मनापासून आभार. उद्यापासून नोंदी घ्यायला सुरुवात करतो. एक शंका राहिली: प्रत्येक टेबलावर किती माल ठेवावा? आज आम्ही सकाळीच दिवसभराचा माल टेबलावर ओततो.

तापीकाठ

तो ओतणे बंद करावे लागेल, कारण मिसळण्याचे मूळ तिथेच आहे. समजा एका टेबलावर तासाला ३० संच होतात आणि एका संचात १० जॉइनर जातात, म्हणजे तासाला ३०० जॉइनर. माल पोचवणारा माणूस दर दोन तासांनी फेरी मारत असेल तर ६०० नगांचा एक बिन, आणि त्यामागे तसाच दुसरा. पुढचा रिकामा झाला की तो काढायचा, मागचा पुढे ओढायचा, आणि रिकामा बिन हीच नव्या मालाची मागणी समजायची. वेगळी चिठ्ठी लागत नाही. मागून भरून पुढून काढायचे उतरते रोलर रॅक केले तर जुना माल आधी संपेल आणि आपल्या रॅकच्या मागच्या २०० मिलिमीटरची अडचणही सुटेल. उतार साधारण ३ ते ५ अंश ठेवतात, पण आपला क्रेट भरलेला आणि अर्धा रिकामा अशा दोन्ही स्थितींत घसरतो का, हे पाहूनच तो पक्का करा.

मोठी ऑर्डर मात्र लगेच देऊ नका. आधी जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचे आणि लाकडी फळ्यांचे एकच टेबल उभे करून रोज तिथे काम करणाऱ्या बायकांना आठवडाभर वापरू द्या, त्या सांगतील तसे बिन हलवा, आणि त्यानंतर जी मापे उरतील तीच फॅब्रिकेटरला द्या. दिवाळीनंतर स्प्रिंकलरचे काम लागेल तेव्हा त्याच टेबलाची मांडणी बदलून पाहता आली, तर उरलेली टेबले त्याच मापांत करून घ्यावीत.