किनारी अभयारण्यातल्या रानवनस्पतींची यादी: १४२ ओळी झाल्यात, पण खात्रीच्या किती? (मदत हवी आहे)

वाळूतलीपावलं

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागणार आहे. तुकड्यातुकड्यात विचारलं तर उत्तरंही तशीच येतात, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

आम्ही चौघं हौशी मंडळी गेले अकरा महिने एका किनारी अभयारण्यातल्या रानवनस्पतींची यादी करतोय. जागा पक्ष्यांसाठी नावाजलेली. पक्ष्यांची यादी कधीचीच तयार आहे, फुलपाखरांचीही आहे, आणि झाडांचा विषय निघाला की "खारफुटी, गवत व झुडपं" एवढ्यावर आटपतं. तिथल्या लोकांनी विचारलं, कराल का? आम्ही हुरळून हो म्हटलं. लेखी परवानगी आहे, नमुने घ्यायलाही मुभा आहे. फक्त विणीच्या दिवसांत घरट्यांच्या पट्ट्यात पाऊल टाकायचं नाही, ही अट.

जागेची रचना अशी: भरतीरेषा संपली की मर्यादवेलीने बांधून धरलेली वाळूची पहिली रांग, तिच्यामागे केवडा आणि काटेरी झुडपं, मग पावसाळ्यात पाणी साठणारा खोलगट पट्टा, आणि पलीकडे खाडीच्या अंगाला खारट चिखल आणि तिवरं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाऊण किलोमीटरही नाही, पण पन्नास पावलांवर झाडोरा बदलतो.

आता रडगाणं. एक्सेलमध्ये १४२ ओळी आहेत: नाव, तारीख, फोटो क्रमांक, शेरा. मागच्या आठवड्यात यादी पक्की करायला बसलो आणि आमच्यातल्या एकाने साधा प्रश्न विचारला, "ओळ ८७ कुणी पाहिली, आणि कुठे?" चौघंही गप्प. फोटो उघडला तर हिरवा पुंजका आणि माझ्या चपलेचं टोक. शेऱ्यात 'धापा किंवा मोरस' (दोन्ही खारट जमिनीतल्या, मांसल पानांच्या वनस्पती) असं लिहिलेलं, अक्षर माझंच. मग एकेक ओळ उकरत गेलो. निम्म्या ओळींचं उत्तर "तिकडे, त्या वळणावर" याच्या पलीकडे जाईना.

नमुन्यांची गत आणखी वाईट. धाप्याच्या फांद्या वर्तमानपत्रात दाबून ठेवल्या होत्या. आठ दिवसांनी उघडलं तर पानं काळी पडून देठापासून सुटलेली, कागद ओलाचिंब, बुरशीचा वास, आणि फांदीचं टोक मात्र त्या अंधारातही हिरवंगार वाढत होतं! शाईने लिहिलेली चिठ्ठी फुटून निळा डाग झालेली. म्हणजे नमुना गेला आणि नावही गेलं.

तिसरी गोष्ट, नावांचा गोंधळ. जुन्या पुस्तकात तिवर व्हर्बिनेसी कुळात, फोनवरचं अ‍ॅप म्हणतं अ‍ॅकँथेसी. कुणाचं धरायचं?

शिवाय एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकून चाळीस ठिकाणी कुठली झाडं किती टक्के जागा व्यापतात ते लिहून ठेवलंय. चौकट कुठे टाकायची हे मात्र ठरवलं नव्हतं. खरं सांगायचं तर जिथे काहीतरी छान दिसलं तिथे टाकली.

यातलं काय वाचवता येईल आणि काय टाकून द्यावं लागेल? कान उपटले तरी चालतील.

भटक्याबहाद्दर

एवढा त्रास कशाला? फोटो आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकायचं अ‍ॅप) टाका, नावं मिळतील. मी तर तेवढंच करतो.

खाजणवेडा

@भटक्याबहाद्दर, नाव मिळेलही. पण त्या चपलेच्या फोटोवरून अ‍ॅपने नाव सांगितलं तर तो जोतिष झाला.

ताई, तुम्ही दोन वेगळी कामं एकाच पिशवीत घातली आहेत. एक काम, इथे काय काय उगवतं याची यादी. त्यासाठी कोपरान् कोपरा पालथा घालायचा, ऋतू बदलला की पुन्हा जायचं, आणि छान दिसेल तिकडे मुद्दाम वळायचं. तिथे डोळ्याचा पक्षपात हवाच. दुसरं काम, कुठे काय किती आहे याची मोजणी. तिथे नेमका तोच पक्षपात घात करतो. तुमच्या चाळीस चौकटी मोजणी म्हणून बाद. पण त्यातली नावं, तारीख आणि जागा यादीसाठी चालतील, म्हणून फेकू नका.

मोजणी नव्याने करायची तर किनाऱ्याला काटकोनात सरळ रेघा आखा, भरतीरेषेपासून खाडीपर्यंत. पट्टे किनाऱ्याला समांतर असतात, त्यामुळे आडवी रेघ ते सगळे कापत जाते. ठरलेल्या अंतरावर, समजा दर वीस मीटरला, चौकट. तिथे नुसती वाळू असली तरी चौकट पडणारच, आणि कागदावर 'नुसती वाळू' असंच लिहायचं. टक्क्यांसाठी ब्राऊन-ब्लांकेची पट्टी वापरा: ५ टक्क्यांच्या आत असेल तर १, मग २५, ५०, ७५ आणि १०० पर्यंत २, ३, ४, ५. अगदीच एखाददुसरं रोप असेल तर अधिकचं चिन्ह. डोळ्याने ३७ टक्के आणि ४१ टक्के असा फरक करता येतो या भ्रमात राहू नका. पहिल्या दिवशी चौघांनी एकाच चौकटीला वेगवेगळे आकडे द्या आणि मग भांडा. त्या भांडणातून हात बसतो.

धापा आणि मोरस: फुलाची वाट पाहत बसू नका, पेराकडे बघा. धाप्याची पानं समोरासमोर, जोडीने. मोरसेची एकाआड एक. धापा जमिनीवर सरपटतो आणि पेरापेराला मुळं सोडतो. फूल असलंच तर प्रश्नच मिटला, कारण धाप्याचं फूल गुलाबी चांदणीसारखं आणि पानाच्या बगलेत एकटं. मोरसेची फुलं हिरवट, बारकी, घोसात, फुलं आहेत हेसुद्धा चटकन कळत नाही. म्हणून फोटो काढताना भिंग लावून एका पेराचा फोटो हवाच. अख्खं झाड, पानाच्या दोन्ही बाजू, पेर, फूल समोरून आणि बाजूने, फळ, आणि शेजारी मोजपट्टी. चप्पल नको.

गवतांचंही बघून घ्या. १४२ मधल्या 'गवत' म्हणून टाकलेल्या काही ओळी लव्हाळ्याच्या निघतील अशी मला दाट शंका आहे. काडी दोन बोटांत फिरवून पाहा. कडा टोचल्या, तिकोनी लागली तर बहुधा लव्हाळ्याच्या कुळातली. पानं तीन बाजूंना फुटलेली असतील तर शंका उरत नाही, कारण गवताची दोनच बाजूंना फुटतात.

जुनीपानं

मी हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवून दाबलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात, आयुष्य काढलंय, म्हणून फक्त दाबलेल्या नमुन्यांबद्दल बोलतो.

तुझा धापा कागदात वाढत होता यात नवल काही नाही, पोरी. मांसल झाड सहजी मरत नाही. पेशी जिवंत असतात, साठवलेल्या पाण्यावर आठवडेच्या आठवडे काढतात आणि तोवर पानं गाळत राहतात. त्याला आधी मारावं लागतं. फुलं वेगळी काढून कागदाच्या घडीत ठेव, उरलेली फांदी उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडव, टिपून घे आणि मग दाब. जाड खोड असेल तर उभं चिरून अर्ध ठेव. त्याआधी गोड्या पाण्याने खळखळून धू. मीठ हवेतली ओल ओढतं, त्यामुळे खारट नमुना वाळला वाटतो आणि पावसाळ्यात पुन्हा दमट होतो.

वर्तमानपत्र चालेल, पण पहिले चार-पाच दिवस रोज बदलायचं. रोज म्हणजे रोज. मध्ये टीपकागद आणि पन्हाळीचा पुठ्ठा घातला तर हवा खेळते. वाळल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून उणे २० अंशांत आठवडाभर ठेवला की किडे मरतात. मग साधारण २९ बाय ४२ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवायचा.

चिठ्ठी पेन्सिलीने. एवढी एक गोष्ट पाळली असतीस तर नमुना सडूनही माहिती वाचली असती.

आणि क्रमांक. प्रत्येक गोळा करणाऱ्याचा स्वतःचा क्रमांक एकपासून सुरू होतो आणि आयुष्यभर पुढेच जातो. अभयारण्य बदललं, वर्ष बदललं तरी पुन्हा एकवर यायचं नाही. आज तू ज्याला धापा म्हणतेस त्याला उद्या कुणी दुसरं नाव देईल, क्रमांक मात्र तोच राहील. वहीत, चिठ्ठीवर आणि फोटोच्या नावात तोच. नाव सगळ्यात शेवटी लिहायचं असतं. तुम्ही ते सगळ्यात आधी लिहिलंत, तिथे घोडं पेंड खातंय.

जाता जाता: वीस झाडं दिसली तर एक घ्यायचं. त्याहून कमी असतील तर फोटोवर भागवायचं. परवानगी असली म्हणून ओरबाडायचं नसतं.

वाळूतलीपावलं

जुनीपानं काका, कान उपटले ते बरं केलंत. आजच पेन्सिली आणल्या. पण तिवराचं कूळ राहिलंच की.

रेघोटी

कुळाचं मी सांगते. दोन्ही बरोबर आहेत, काळ वेगळा आहे. पूर्वी बाह्य रूपावरून तिवर व्हर्बिनेसीत होतं. डीएनएवरून नाती तपासल्यावर ते अ‍ॅकँथेसीत गेलं, म्हणजे खाजणातल्या मारांडीच्या घरात. मोरसही तशीच चिनोपोडिएसीतून अ‍ॅमरँथेसीत आली. कूळ बदललं तरी झाडाचं नाव बदलत नाही, तेव्हा घाबरू नका. एपीजीची (फुलझाडांची कुळं ठरवणारा वनस्पतिशास्त्रज्ञांचा गट) २०१६ ची चौथी मांडणी किंवा लंडनच्या क्यू उद्यानाचं 'प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' हे संकेतस्थळ, यातलं एक निवडा, यादीच्या डोक्यावर 'नावं अमुक ठिकाणची, अमुक तारखेला पाहिलेली' असं लिहा आणि शेवटपर्यंत तेच पाळा. जुनं नाव वेगळ्या रकान्यात ठेवा, पुसू नका. तुमचा धापाच घ्या: वर्गीकरणाचा जनक लिनिअस, त्याने १७५३ मध्ये तो पोर्चुलाका या जीनसमध्ये (कुळाच्या आतला लहान गट) घातला आणि १७५९ मध्ये स्वतःच उचलून सेसुव्हियममध्ये ठेवला. सहा वर्षांत त्याचंच मत फिरलं, तिथे आपण कोण?

आता तुमच्या एक्सेलबद्दल. 'धापा किंवा मोरस' हे नावाच्या रकान्यात नको. खात्रीसाठी वेगळा रकाना करा: पक्कं, जीनसपर्यंत, कुळापर्यंत, 'सीएफ' म्हणजे याच्यासारखं दिसतंय पण ताडून पाहायला हवं. ओळखलं कुणी आणि कशावरून, हेही हवं. अक्षांश-रेखांश दशांशात, पाच स्थळांपर्यंत. पाचवं स्थळ म्हणजे साधारण एक मीटर. पण फोनचा जीपीएस उघड्यावरही चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, म्हणून 'अचूकता' हा रकाना वेगळा. त्याच कारणाने एक मीटरची चौकट पुढच्या वर्षी नुसत्या जीपीएसवर सापडणार नाही. खुंटी ठोकावी तर वाळू सरकते. न हलणाऱ्या दोन खुणा धरून होकायंत्राने दिशा आणि अंतर लिहून ठेवा.

आणि जुनं वाचवायचं म्हणताय ना? फोटोच्या फाइलीत वेळ असते, ठिकाण बंद असलं तरी. त्या दिवशी चौघांपैकी कुणाच्या फोनवर चालण्याचा माग नोंदवणारं अ‍ॅप सुरू होतं का? असेल तर फोटोची वेळ मागावर बसवायची, ठिकाण मिळतं. फोन आणि कॅमेऱ्याच्या घड्याळात फरक असेल तर तो आधी काढा.

दुर्मीळ काही सापडलं तर नेमकी जागा जाहीर यादीत टाकू नका. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या प्रजातींचं ठिकाण आपणहून धूसर करतं, तुमची शीट नाही करणार.

वाळूतलीपावलं

तीन आठवड्यांनी येतेय.

रेघोटी, तुम्हाला साष्टांग नमस्कार. आमच्यातल्या एकाला पावलं मोजायचं वेड आहे, त्याच्या फोनमध्ये अकरापैकी नऊ महिन्यांचा माग निघाला! कॅमेऱ्याचं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं. ते वजा केलं आणि ओळी पटापट जागेवर बसायला लागल्या. आजचा हिशेब: पक्क्या ६१, जीनसपर्यंत ३८, उरलेल्या ४३ 'पुन्हा पाहणे'. आकडा घसरला तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला होता, आता नाही येत.

ओळ ८७ ची जागाही मिळाली. ओहोटीच्या वेळी गेलो. चिखलाच्या काठावर धापा आणि मोरस एकमेकांत घुसून वाढलेली, एकाच फोटोत दोन्ही. म्हणजे माझा 'किंवा' चुकला होता, तिथे 'आणि' हवा होता. पेरं पाहिली, एकीकडे जोड्या, दुसरीकडे एकाआड एक. आता त्या एका ओळीच्या दोन ओळी झाल्यात, दोघींना वेगवेगळे क्रमांक. आणि खाजणवेडांची शंका खरी ठरली: सात 'गवतं' बोटांत तिकोनी लागली.

धाप्याचा नवा नमुना उकळत्या पाण्यातून काढून दाबलाय. पाचव्या दिवशी पानं फांदीवरच आहेत. रंग मात्र शेवाळी झालाय, काका, असंच होतं ना?

एक नवीन अडचण. पाच रेघा आखल्यात, त्यातली तिसरी घरट्यांच्या पट्ट्यातून जाते. पक्षी घरटी सोडेपर्यंत तिथे जाता येणार नाही. रेघ शंभर मीटर बाजूला सरकवू का?

जुनीपानं

असंच होतं. जिवंतपणीचा रंग वहीत लिहून ठेव, कागदावर तो टिकत नसतो.

खाजणवेडा

रेघ सरकवू नका. सोय पाहून सरकवली की पुन्हा 'छान दिसलं तिथे टाकली' यावर आलात. ती आहे तिथेच राहू द्या, घरट्यांचा तुकडा सोडा आणि त्या चौकटींपुढे 'पाहिली नाही' असं लिहा. शून्य लिहू नका. शून्य म्हणजे पाहिलं आणि काही नव्हतं. विणीनंतर गेलात तर तारीख वेगळी पडेल, तीही तशीच दिसू द्या.

वाळूतलीपावलं

कळलं. तिसऱ्या रेघेवरच्या चौकटी ३-१४ ते ३-१९ कोऱ्या ठेवल्या, समोर पेन्सिलीने 'घरटी, पाहिली नाही'.