तिला पुन्हा फॉर्म भरू द्या
ताई, लेक जळगावच्या सौंदर्यस्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद झाली आणि आता फॉर्म भरायलाच घाबरते, हे वाचून माझी धाकटी बहीण आठवली. धुळ्यात प्रश्नोत्तरांच्या फेरीत माईक हातात धरून ती नुसती उभी राहिली, तोंडातून शब्द फुटेना. घरी येताच उंच टाचांच्या चपला माळ्यावर फेकल्या. पुढच्या उन्हाळ्यात तिनेच त्या खाली काढल्या. गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड) वाळत घातलेल्या खाटांमधून चालायचा सराव, आणि रात्री आई विचारेल त्या प्रश्नाला मोठ्याने उत्तर. मुकुट नाही मिळाला, पण उत्तर पूर्ण दिलं! १९९४ च्या मिस इंडियात ऐश्वर्या राय दुसरीच आली होती ना? त्याच वर्षी ती मिस वर्ल्ड झाली. लेकीला आत्ता समजावत बसू नका, रोज एक प्रश्न तेवढा विचारा.